नववा शब्द

भोरमध्ये आवणीचे दिवस आले की ते मला आधी वर्गात कळतं. मागचे बाक रिकामे होतात. हजेरी घेताना ‘गावाला गेलाय सर’ असं कुणीतरी परस्पर सांगून टाकतं. चार दिवसांनी तो विद्यार्थी येतो तेव्हा त्याच्या बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली असतात आणि नखांत चिखल असतो. मी काही विचारत नाही. मी स्वतः वेल्ह्याच्या अलीकडच्या डोंगरातला आहे. भाताची रोपं लावायचे दिवस कुणासाठी थांबत नाहीत, हे मला सांगायला नको.

इथल्या एका कॉलेजात मी सी भाषा शिकवतो. यंदाही बाक रिकामे झाले आणि मला गेल्या आवणीचे दिवस आठवले. आठवले म्हणणं तसं खोटंच आहे. ते वर्षभर कुठं गेलेच नव्हते, फक्त त्यांच्याविषयी मी कुणाशी बोललो नव्हतो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी एक खेळ लिहायला घेतला होता. आजची मुलं ज्याला गेम म्हणतात तसला नाही. चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटतात: ‘तुम्ही पारावर उभे आहात. डावीकडे ओढा आहे, वर खिंड दिसते.’ मग खेळणाऱ्यानं काय करायचं ते लिहायचं. ओढ्याकडे जा. कंदील घे. भाकर गुराख्याला दे. टाइप करायचं रोमन अक्षरांत, पण बोलायचं मराठीत. त्याप्रमाणे पुढच्या दोन ओळी येतात. शिकत असताना असे खेळ मी इंग्रजीत खेळलो होतो. ते किल्ले, ती भुयारं सगळी परकी. आपल्या गावचा असा एक खेळ असावा, हे तेव्हापासून डोक्यात होतं. नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकले, आणि मग कुठं तो लिहायला बसलो.

नकाशा सोपा होता. गाव डोळ्यांसमोर होतंच. पार, ओढा, खिंड, देवराई, वरच्या आळीचं पाणवठ्याचं टाकं. अवघड होतं ते एकच फंक्शन. खेळणाऱ्यानं लिहिलेली ओळ घ्यायची, तिचे शब्द सुटे करायचे, त्यातला हुकूम कोणता आणि तो कशावर, कुणासाठी चालवायचा हे ओळखायचं. वर्गात मी हे फळ्यावर एका तासात उरकतो. ओळ आत येते ती शेवटी एंटरची खूण चिकटवूनच येते. ती आधी पुसा, नाहीतर दिसायला सारखे दोन शब्द कधीच जुळणार नाहीत. मग शब्द तोडा. तोडायचं तयार फंक्शन सीमध्ये मिळतं, पण ते मूळ ओळीतच जागोजाग शेवटाची खूण ठोकून देतं. शब्द हाती येतात, ओळ उरत नाही. म्हणून आधी तिची नक्कल काढून ठेवा. हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी अर्धा वर्ग विसरतो. स्वतः लिहायला बसलो तेव्हा मीही विसरलो.

इंग्रजी खेळांत हुकूम आधी येतो. आपण बोलतो तसं लिहायचं तर तो शेवटी. त्यामुळं माझं फंक्शन उलट्या टोकानं वाचायला लागायचं. शेवटचा शब्द उचलायचा, तो हुकमांच्या यादीत आहे का बघायचं, मग एकेक करत मागं यायचं. खिंडीकडे, खिंडीत, खिंडीवर अशी शेपटं लागतात, तर सुरुवातीची काही अक्षरंच जुळवायची. ही युक्ती मला नसरापूरला सुचली, वेल्ह्याच्या रिक्षात चौथा प्रवासी येईपर्यंत थांबलो होतो तेव्हा. त्या तंद्रीत आमचा फाटा मागं पडला आणि मी पुढच्या गावात उतरून पावसातून उलटा चालत आलो. डोक्यावर छत्री होती की नव्हती, आठवत नाही. युक्ती लख्ख आठवते.

खेळून बघायला घरात एकच माणूस होतं. माझी बायको, वैशाली. ती बँकेत असते. संध्याकाळी चहाचा कप घेऊन ती माझ्या खुर्चीत बसायची. पहिल्याच दिवशी तिनं लिहिलं, ‘अहो, दार उघडा.’

पडद्यावर उत्तर आलं: ‘इथे अहो नावाची वस्तू नाही.’

ती इतकी हसली की चहा सांडला. “बरोबर ओळखलंन् तुमच्या मशीननं,” ती म्हणाली. “घरात असून नसल्यासारखेच आहात.”

“त्याला अहो कशाला म्हणतेस? नुसतं दार उघड असं लिही.”

“उघड, घे, दे! मी काय मुकादम आहे कुणाची? बोलायचं तर नीट बोलणार. समजून घ्यायचं काम तुमचं.”

म्हणून मी आणखी एक यादी केली. अहो, जरा, बरं, ना, की, तेवढं. हे शब्द आले तर सोडून द्यायचे. आपल्या बोलण्यात अशी भर किती असते ते मला तेव्हा कळलं. कधीकधी सोडून दिल्यावर काही उरायचंच नाही. ‘अहो, बरं का’ एवढंच लिहून ती माझ्याकडं बघत बसायची.

पुढं आषाढ लागला आणि खेळात एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. वैशाली खिंडीत असायची, काहीतरी लिहायची आणि एकदम पारावर येऊन उभी राहायची. पार म्हणजे जिथून खेळ सुरू होतो ती जागा. हातातला कंदील हातातच, पण माणूस पारावर. कधी व्हायचं, कधी नाही. मी तसंच करून बघायला गेलो की व्हायचंच नाही. प्रोग्रॅम बंद पडत नव्हता, तक्रार करत नव्हता. जाण्याचा हुकूम मी ओळ न् ओळ तपासला. त्यात काही खोट नव्हती.

त्याच सुमारास दादाची कंबर धरली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गावाकडची खाचरं तोच बघतो. आमच्याकडं आवणी सावडीवर होते. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या खाचरात लावायचं, उद्या दुसऱ्याच्या. पैशांचा संबंध नाही. घरटी एक माणूस आणि गावातल्या तात्यांनी लावून दिलेली पाळी, एवढंच. आमची पाळी होऊन गेली होती. पाण्यात ओणव्यानं उभ्या बायामाणसांच्या रांगा, पाठीवर बांधलेले प्लास्टिकचे कागद, त्यावर पावसाचा ताडताड आवाज, मुठीतून सुटणाऱ्या रोपांचा तो कच्चा हिरवा वास. मी बांधावर उभा राहून पाहुण्यासारखा बघत होतो. त्या रांगेत सगळ्यांच्या पुढं सुमनवहिनी होत्या.

सुमनवहिनी माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, लेक सासरी आहे. घरात त्या एकट्या. तीन खाचरं आणि हात दोन. सावडीत धरलं नाही तर त्यांचं वरचं खाचर पडीकच राहणार, हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून त्या दुसऱ्यांच्या पाळीला कधी चुकत नाहीत, आणि पोचतातही सगळ्यांच्या आधी.

त्यांची पाळी आमच्यानंतर होती. दादाला वाकता येत नव्हतं, म्हणून आमच्या घरचं माणूस म्हणून मी जायचं ठरलं. मी रजा टाकली. सकाळी पावसाचा कोट घातला, गाडीची किल्ली हातात घेतली, आणि वैशाली बँकेत निघून गेल्यावर पाच मिनिटं म्हणून खुर्चीत बसलो. आदल्या संध्याकाळी तिनं लिहिलेल्या ओळी मी एका फाइलमध्ये जमा करायला लावल्या होत्या. ती पारावर फेकली जायच्या आधीची शेवटची ओळ मला बघायची होती. ती अशी होती: ‘अहो जरा त्या बाईंना विचारा ना खिंडीची वाट कुठली’.

मी दादाला फोन लावला. म्हणालो, पुरवणी परीक्षेची ड्यूटी लागलीय, ऐनवेळी.

“परीक्षा म्हंजी काय, जायाच पायजे,” दादा म्हणाला. “म्या सांगतो तात्यांना. तू नको काळजी करू.”

फोन ठेवला आणि कोट काढला.

शब्द मोजले. नऊ. अहो, जरा, ना हे सोडून द्यायचे, पण आधी सगळे सुटे करून मगच; आणि सुट्या केलेल्या शब्दांसाठी मी जागा ठेवली होती आठ. आठ शब्दांत काय ते सांगून होईल, असं मी धरून चाललो होतो, कारण मला स्वतःला आठाच्या वर लागत नाहीत. सी भाषेला तुमच्या आठचं काही नसतं. नववा शब्द आला की ती तो पुढच्या जागेत ठेवून देते, ती जागा कुणाची आहे हे विचारत नाही. माझ्या मांडणीत त्या आठ खणांच्या लगेच पुढं एक आकडा होता, खेळणारा आत्ता कुठल्या ठिकाणी आहे तो. नववा शब्द नेमका त्याच्यावर बसत होता. ठिकाणाचा आकडा भलताच कायतरी होत होता. आणि ठिकाण ओळखीचं नसेल तर खेळणाऱ्याला गुपचूप पारावर आणून सोडायचं, ही सोय मीच आधी केली होती. खेळ मध्येच बंद पडू नये, लोकांना चूक दिसू नये म्हणून. ती सोय नसती तर पहिल्याच दिवशी प्रोग्रॅम कोसळला असता आणि मला दहा मिनिटांत कारण सापडलं असतं.

इथं उपमा द्यायचा मोह होतो. देत नाही. एवढंच सांगतो की दुरुस्ती दोन ओळींची होती आणि ती दुपारच्या आधीच झाली. तेव्हाही गाडी काढली असती तर अर्धी पाळी भरून निघाली असती. पण मी उठलो नाही. फंक्शन पुन्हा पहिल्यापासून, स्वच्छ लिहायला घेतलं. शब्द जास्त झाले तर ‘एवढं एका दमात कळत नाही, थोडक्यात सांगा’ असं म्हणायचं. नुसतंच ‘दे’ आलं तर आंधळेपणानं पुढं न जाता विचारायचं, ‘काय देऊ? कुणाला?’ बाहेर पाऊस धो धो पडत होता, पन्हळीतून पाणी कोसळत होतं, समोरच्या कौलांवर तुषार उडत होते. घरात मी एकटा. चहा करून घ्यायचो, निवून जायचा, पुन्हा करायचो. मी आजवर लिहिलेलं ते सगळ्यांत नेटकं फंक्शन आहे. आणि मला जे सांगायचं आहे, ते मी थापा मारल्या हे नव्हे. थापा सगळेच मारतात. तो दिवस फार सुखाचा गेला, हे मला सांगायचं आहे. वहिनींची आठवण मला एकदाही झाली नाही.

संध्याकाळी वैशालीनं विचारलं, “हे काय, गेला नाहीत?”

“पुढं ढकललं त्यांनी,” मी म्हणालो. त्या रात्री ती खिंड ओलांडून देवराईत पोचली. एकदाही पारावर आली नाही.

तिकडं काय झालं ते मला पंधरवड्यानं कळलं, तेही अर्धवट. मास्तर येत नाहीत म्हटल्यावर आणखी दोन घरांनी ‘आमी बी उद्या बगतो’ म्हणून अंग काढलं. पाऊसही तसाच होता. दोन खाचरं झाली, वरचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची पाळी. उपटलेली रोपं मुठी बांधून पाण्यात पडलेली, ती पिवळी पडायला लागली. वहिनींनी वरचं खाचर एकटीनं लावायला घेतलं. त्यात त्यांना पुढच्या दोन घरांच्या पाळ्यांना जाता आलं नाही. ती दोन घरं चिडली. सुमननं सावड मोडली, असं झालं. बोलणं असंच कुठून कुठं जातं. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. मला उलट दिवाळीला गेलो तेव्हा गुळाचा चहा मिळाला आणि ‘परीक्षेचा लई ताप आसंल’ असं तात्या आपुलकीनं म्हणाले. मी होय म्हणालो. वरच्या खाचरातलं भात विरळ आलं होतं. ते मी रस्त्यावरून बघितलं.

यंदा आवणीच्या तोंडावर दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, “सुमनला औंदा सावडीत नको धराया, आसं चाललंय. रविवारी बसायचंय पाळ्या लावाया. तू येतूस का?”

मी वैशालीला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, तिनं हात थांबवला नाही.

“म्हणजे मी लिहिलेल्या ओळीपायी,” ती म्हणाली.

“तुझा काय संबंध?”

“तेच म्हणते. माझा संबंध नाही, वहिनींचा नाही, दादांचा नाही. सगळं तुमचं एकट्याचं चाललेलं. आणि मला म्हणालात, ढकललं.” मग कणकेचा गोळा झाकून ठेवत, “रविवारी जाताय ना?”

रविवारी दादाच्या पडवीत सात-आठ घरची माणसं जमली. तात्या सगळ्यांत वडील, पाळ्या तेच लावतात. सुमनवहिनी आत आल्या नाहीत, खांबाला टेकून बाहेर उभ्या राहिल्या.

“सुमनचं काय करायचं औंदा?” तात्यांनी विषय काढला.

“काय करायचं म्हंजी? धरायचं,” वहिनी बाहेरून म्हणाल्या.

“धरलं आस्तं गं. पर गेल्या साली दोन घरचं बुडवलंस तू. लोक बोलत्यात.”

“लोक म्हंजी कोन? नाव घ्या की तात्या. हितंच बसल्यात समदे.”

मी म्हणालो, “तात्या, वहिनींची पाळी आधी मी बुडवली. नंतरचं सगळं त्याच्यामुळं झालं.”

“तुमची परीक्षा व्हती मास्तर. त्याला काय विलाज?”

“परीक्षा नव्हती. मी घरीच होतो.”

तात्यांनी मान वर केली. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“मंग? तब्येत?”

“नाही. एक गेम लिहीत होतो.”

“गेम?” तात्या पुढं झुकले. “मोबाईलवर पोरं खेळत्यात त्यो?”

“तसलाच. पण खेळत नव्हतो, तयार करत होतो.”

“इकायला?”

“नाही.”

“कालेजानं सांगितलं व्हतं?”

“नाही.”

“म्हंजी नुसताच?”

“नुसताच.”

कुणीतरी मागं खुदकन हसलं आणि लगेच खोकला काढला. दादा खाली बघत होता. “मला तरी बोलायचं व्हतंस,” तो म्हणाला. “म्या घरोघर सांगत हिंडलो, भावाला परीक्षा हाय म्हनून. वर आनी सुमनला दोन शब्द सुनावून आलो.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी तोंड फिरवून अंगणातल्या पाण्याकडं नजर लावली होती.

तात्यांनी मान हलवली, तंबाखूची चिमूट झटकली आणि निकाल दिला. “सुमनची पाळी पैली. मास्तर, तुमी यायचं. खरीच परीक्षा आसली तरी यायचं.” आता सगळे मोकळेपणानं हसले. वहिनी हसल्या नाहीत. “वरच्या खाचरापासनं धरा,” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बुधवारी मी गेलो. मला रांगेत घेतलं नाही, माझी रोपं तरंगून वर येतात. मला मुठी वाहायचं काम दिलं. खालच्या वाफ्यातून उपटलेल्या रोपांच्या मुठी पाटीत भरायच्या, बांधाबांधानं वर न्यायच्या, लावणाऱ्यांच्या मागं पाण्यात टाकत जायच्या. पाटीतलं पाणी मानेवरून आत उतरतं. बांध निसरडे. दोनदा पडलो. दुपारपर्यंत वहिनी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मीही सुरुवात केली नाही. ती हिंमत तेव्हाही नव्हती.

वरचं खाचर संपत आलं तेव्हा बाकीची माणसं खाली उतरली होती. कोपऱ्यातला तुकडा वहिनी एकट्या लावत होत्या. मी मुठी घेऊन गेलो.

“झालं का मग त्ये तुमचं?” त्यांनी न बघताच विचारलं.

“झालं.”

“कोन खेळतं त्ये?”

“वैशाली खेळली. आता कुणी नाही.”

त्यांनी चार रोपं खोचली, पाय मागं घेतला. “मंग कशापायी केलं वो भाऊजी?”

सगळी कारणं मनात येऊन गेली. विद्यार्थी, मराठी, गाव. पाटी अजून डोक्यावर होती.

“मला आवडतं म्हणून,” मी म्हणालो.

वहिनी सरळ झाल्या. कमरेवर हात ठेवून माझ्याकडं नीट बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदा.

“मग त्येच सांगायचं व्हतं की. आवडीचं काम हाय, येत न्हाई म्हनून. आमी शिव्या दिल्या आसत्या आन दुसरं मानूस बगितलं आसतं.”

त्या पुन्हा वाकल्या. हात मागं करून त्यांनी मूठ मागितली आणि मी ती त्यांच्या हातात दिली.